ऐतिहासिक म्हणजे नेमकं कुठलं?

नमस्कार मंडळी. समोर स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी जास्त दिसायलीत, म्हणून थेट विषयालाच हात घालतो. एका पोरीनं मला इंग्रजीतला निबंध तपासायला दिलता, विषय मराठवाडा मुक्तिसंग्राम, अन् पहिलंच वाक्य असं की 17 सप्टेंबर 1948 हा आपल्यासाठी 'हिस्टॉरिकल डे' आहे. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी मी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली. ती म्हणली, सर, डिक्शनरीत तर ऐतिहासिकच दिलंय की.

तिचं खरंच आहे. आपल्याकडं ऐतिहासिक निर्णय बी ऐतिहासिक अन् ऐतिहासिक कादंबरी बी ऐतिहासिक, एकाच शब्दात भागतं, काय म्हणायचंय ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीत मात्र निर्णय हिस्टॉरिक असतो आणि कादंबरी हिस्टॉरिकल. हिस्टॉरिक म्हणजे ज्यानं इतिहासाला वळण लावलं ते, आणि हिस्टॉरिकल म्हणजे नुसतं मागच्या काळातलं किंवा इतिहासाविषयीचं, मग ते मोठं असो की किरकोळ. मूळ दोघांचं एकच, ग्रीकमधला हिस्टोरिया, म्हणजे चौकशी, शोध. पूर्वी इंग्रजीतसुद्धा हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी यायचे, फरक हळूहळू पक्का होत गेला.

आता त्या दिवसाकडं बघा. देश 15 ऑगस्ट 1947 ला मोकळा झाला आणि आपण त्यानंतर तेरा महिने निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या दहशतीत. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं गावोगावची साधी माणसं उभी राहिली, 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. या दिवसाला हिस्टॉरिकल म्हणलं तर तो मागं होऊन गेलेला कुठलाबी एक दिवस होतो. चूक बारीक आहे, पण त्या दिवसाची किंमत कमी करते, अन् मला ते सहन होत नाही.

उलट बाजू बी आहे. आमच्या घरी आजीच्या पितळी डब्यात, अडकित्त्याशेजारी, हाली सिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या चलनाचा, एक रुपया होता, मधोमध चारमिनार, कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. आजी सांगायची, सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा. हे नाणं 1959 पर्यंत चाललं. ते हिस्टॉरिकल. त्यानं इतिहास घडवला नाही, फक्त त्या काळातून आपल्या हातात आलं, पण म्हणून ते कमी मोलाचं होत नाही बरं का.

आणि हिस्टॉरिक व्हायला जुनं असावं लागतंय असं बी नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ती फलाटाला लागली त्या क्षणीच हिस्टॉरिक होती, हिस्टॉरिकल म्हणायला मधी काळ जावा लागतो. हिस्टॉरिक म्हणजे आनंदाचंच असंही नाही, तहानलेल्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं यात कसला आनंद.

त्या निबंधवाल्या पोरीनं शेवटी विचारलं, मग 1972 चा दुष्काळ कशात धरायचा? मला तो प्रश्न लई आवडला. त्या सालचे पावसाचे आकडे काढून अभ्यास केला तर तो हिस्टॉरिकल डेटा. पण दुष्काळ स्वतः हिस्टॉरिक, कारण त्यातनं रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा 1977 मध्ये झाला आणि पुढं 2005 मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा आला. माझी आई त्या साली पाझर तलावाच्या कामावर होती, डोक्यावर मातीची पाटी, दुपारी ओट्यात सुकडी. तिचं नाव असलेला हजेरीचा मस्टर कुठं सापडला तर तो कागद हिस्टॉरिकल. आणि तिनं उचललेली ती माती? तिला मी हिस्टॉरिकच म्हणतो.