पाणी उपसतंय कोण, बिल भरतंय कोण

आत्ता स्क्रीनवर जे काळंभोर, सपाट रान दिसतंय ना, ते इंग्लंडच्या पूर्वेकडचं फेन्स. लिंकनशर, केंब्रिजशर, नॉरफोक हा सगळा पट्टा. बटाटा, कोबी, शुगर बीट, भाजीपाला, इंग्लंडातली एकदम टॉप क्लास शेतजमीन. पण यातली बरीचशी जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, आणि नदी बघायची तर मान वर करावी लागते, कारण नदी बांधाच्या आत, शेताच्या वरून वाहते. म्हणजे पाऊस पडला की पाणी उताराने निघून जाईल असं इथं काही नाही, चरातून पंप हाऊसपर्यंत आणायचं आणि मग उचलून नदीत टाकायचं, वर्षानुवर्षं.

हा लोखंडी खांब बघा. होम पोस्ट म्हणतात याला. 1851 च्या सुमाराला व्हिटल्सी मिअर नावाचं मोठं तळं उपसून शेती काढली तेव्हा हा खांब जमिनीत पूर्ण गाडला होता, टोक जमिनीला लागून. आज तो साधारण 4 मीटर उघडा आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेलीय. ही कुजक्या वनस्पतींची माती, तिच्यातलं पाणी काढलं की ती आकसते, हवा लागून कुजून संपते, वाऱ्याने उडते. पंप चालवला की जमीन खचणार आणि जमीन खचली की पाणी अजून उंच उचलावं लागणार. आता हे बिल भरणार कोण?

तर त्यासाठी आहेत इंटर्नल ड्रेनेज बोर्ड, म्हणजे आपापल्या भागातल्या पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या स्थानिक संस्था. इंग्लंडात अशी शंभरच्या वर बोर्डं आहेत, सुमारे 12 लाख हेक्टर त्यांच्या हद्दीत येतं, म्हणजे देशाचा जवळपास दहावा भाग. प्रकार जुना आहे. आग्नेय इंग्लंडातल्या रॉम्नी मार्श या दलदलीच्या भागातल्या लोकांना बांध-नाल्यांसाठी वर्गणी काढायचा हक्क 1252 मध्ये राजाच्या सनदेनेच मिळाला होता, पुढे 1531 चा कायदा, मग 1930 चा, आणि आत्ता चालतो तो 1991 चा.

कोकणातल्या खारेपाटातल्या माणसाला हे फार परकं वाटणार नाही. आपल्याकडे बांध, त्याला उघाडी म्हणजे पाण्याचं दार, आणि ती वेळेवर कोण उघडणार-लावणार यावरून गावात भांडण. फरक एवढाच की आपल्याकडे खारभूमीचं काम सरकारी खात्याकडे गेलं आणि इकडे बोर्डाला स्वतःची पट्टी लावायचा अधिकार आहे.

आता पैशाचं बघू, कारण खरी गंमत तिथंच आहे.

शेतजमीन कसणाऱ्याला बोर्ड थेट बिल पाठवतं, त्याला ड्रेनेज रेट म्हणतात, आपण निचरापट्टी म्हणू. जमिनीचं एक वार्षिक मूल्य धरलेलं असतं आणि त्यातल्या प्रत्येक पौंडामागे इतके पेन्स अशी आकारणी. ते मूल्य कधीचं? 1 एप्रिल 1988 ला ती जमीन खंडाने दिली असती तर काय खंड मिळाला असता, त्यावरून काढलेलं. आजही तेच चालतंय! आणि घरं, दुकानं, कारखाने? त्यांनाही पूर्वी बोर्ड थेट बिल लावायचं. 1990 मध्ये तिथल्या घरपट्टीची पद्धतच बदलली तेव्हापासून तो हिस्सा जिल्हा काउन्सिलकडून घेतात, त्याचं नाव स्पेशल लेव्ही. म्हणजे लिंकनशरमधल्या बोस्टन शहरात घरात राहणारा माणूस पंपाचे पैसे भरतोच, फक्त त्याला ते घरपट्टीत मिसळलेले असल्यामुळे दिसत नाहीत. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ हेच आहे, ज्याला बिल दिसत नाही तो बोर्डाच्या मीटिंगला कशाला येईल.

बोर्डावर बसतं कोण, तर निम्मे-अर्धे शेतकऱ्यांनी निवडून दिलेले, तीन वर्षांसाठी, आणि मतं एक माणूस एक मत अशी नाहीत, जमिनीच्या मूल्याप्रमाणे एकापासून दहापर्यंत. बाकीचे काउन्सिलने नेमलेले. किती नेमायचे ते काउन्सिल खर्चाचा किती वाटा देते त्यावर, पण कितीही पैसे दिले तरी निवडून आलेल्यांपेक्षा एकच माणूस जास्त, त्याच्या वर नाही. पट्टीचा दर दरवर्षी 15 फेब्रुवारीच्या आत ठरवायचा.

आता हे पंप हाऊस. पुढे जी लोखंडी जाळी आहे तिच्यावर शेवाळ, गवत, फांद्या, प्लॅस्टिक सगळं येऊन अडकतं, आणि वरून तो यांत्रिक पंजा खाली जातो, खरवडत वर येतो, चिखल गळतोय बघा, बाजूला ढीग टाकतो. जाळी तुंबली की पंपाला पाणीच मिळत नाही, म्हणून पुराच्या रात्री हा पंजा सगळ्यात महत्त्वाचा. हे सगळं चालतं मुख्यतः विजेवर.

2022 मध्ये विजेचे दर भडकले. बोर्डांची बिलं वाढली, बोर्डांनी लेव्ही वाढवली, आणि काउन्सिलची कोंडी झाली. कारण काउन्सिलला घरपट्टी मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही, ठराविक टक्क्यांच्या वर गेलं तर जनमत घ्यावं लागतं, आणि लेव्हीची वाढ पण त्याच मर्यादेत धरतात. लेव्ही तर नाही म्हणता येत नाही, कायद्याने द्यावीच लागते. लिंकनशरमधल्या बोस्टन, साउथ हॉलंड अशा ठिकाणी काउन्सिलच्या स्वतःच्या वाट्याच्या घरपट्टीतला निम्म्याच्या आसपास पैसा यातच जातो. मग कात्री कुठं लागणार, तर बाकीच्या सेवांना. सरकारने 2023-24 मध्ये 30 लाख पौंड वाटले, पुढच्या वर्षीही दिले, पण ते एकेका वर्षापुरतं ठिगळ.

शिवाय बोर्डाच्या ताब्यात फक्त छोटे नाले. मोठ्या नद्या एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे, आणि तिलाही बोर्डांनी वर्गणी द्यायची. 2013-14 च्या हिवाळ्यात नैऋत्य इंग्लंडातल्या सॉमरसेटमध्ये हेच पेटलं, बोर्डाने उपसलेलं पाणी घ्यायला नदीतच जागा नव्हती, गाळ भरलेला, मचेल्नी गावाचं आठवडेच्या आठवडे बेट झालं आणि लोक विचारत होते की आम्ही पैसे भरतो ते कशाचे. त्यातून 2015 मध्ये पुराचं काम बघणारी सॉमरसेट रिव्हर्स अथॉरिटी उभी राहिली, तिच्यासाठी पुन्हा घरपट्टीतच वेगळी रक्कम.

आणि नवीन बोर्ड काढायचं म्हटलं तर? कंब्रियातल्या लिथ व्हॅलीतल्या शेतकऱ्यांना ते हवं होतं, पण आकारणीला जी जुनी मूल्यं लागतात त्यांच्या याद्याच पुरत्या उपलब्ध नाहीत, त्यामुळे गाडी अडली. 2021 च्या एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्टने हिशोबाची पद्धत बदलायचा अधिकार सरकारला दिला.