घरचा भोज्या: नेदरलँड्समधील बेसबॉल

(दृश्य: संध्याकाळचे मैदान, सावकाश भरत जाणारी प्रेक्षकसज्जा)

नेदरलँड्समधील होफ्डडॉर्प येथील हे मैदान समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४ मीटर खाली आहे. येथे एकेकाळी हार्लेमरमेर नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. वाफेच्या पंपांनी पाणी उपसून ते १८५२ मध्ये कोरडे करण्यात आले आणि त्याच तळावर पुढे शेते, गावे, स्किपोल विमानतळ आणि अखेरीस बेसबॉलचे हे स्टेडियम उभे राहिले. अमेरिकेतील मेजर लीगचे, म्हणजे तेथील सर्वोच्च व्यावसायिक साखळीचे, सामने एक दिवस येथे व्हावेत, या आशेने ते २०१४ मध्ये सुरू झाले; तो मान मात्र २०१९ मध्ये लंडनला मिळाला.

या देशात बेसबॉलला 'हॉन्कबल' म्हणतात. 'हॉन्क' हा डच मुलांच्या पकडापकडीतला शब्द आहे. जेथे पोहोचल्यावर राज्य असलेला गडी आपल्याला बाद करू शकत नाही, ती जागा म्हणजे हॉन्क. मराठी मुले खेळताना धापा टाकत ज्याला शिवतात, तो भोज्या याहून वेगळा नाही. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर असे चार भोज्ये आहेत, आणि फलंदाज जेथे उभा राहून खेळतो व धाव पुरी करण्यासाठी जेथे परत येतो, तो 'टाउसहॉन्क', म्हणजे घरचा भोज्या.

पंचाचे शब्दही लक्ष देऊन ऐकावेत. ठरलेल्या कक्षेतून गेलेला पण फलंदाजाने सोडलेला चेंडू, किंवा त्याने हुकवलेला कोणताही चेंडू, म्हणजे 'स्लाख'. असे तीन झाले की तो बाद. फलंदाजाने सोडलेला कक्षेबाहेरचा चेंडू म्हणजे 'वेइट', क्रिकेटमधल्या वाइडचा सख्खा भाऊबंद. पण येथे एका वाइडने काही मिळत नाही, चार झाले तरच फलंदाज चालत पहिल्या भोज्यावर जातो. क्रिकेट पाहत वाढलेल्या प्रेक्षकाने चेंडू उंच उडण्याची वाट पाहत बसू नये. उकिडवा बसलेला झेलणारा खूण करतो, चेंडू टाकणारा कधी मान हलवून ती नाकारतो आणि दुसरी खूण मागतो. या लहान स्टेडियममध्ये तो मूक संवाद अगदी जवळून पाहता येतो, आणि खेळाचा खरा जीव त्यातच आहे.

अमेरिकेत हा खेळ पाहून आलेले ॲम्स्टरडॅमचे इंग्रजीचे शिक्षक ग्रासे यांनी तो येथे रुजवला. १९१२ मध्ये संघटना आणि १९२२ मध्ये साखळी स्पर्धा सुरू झाली. आजही सर्वोच्च साखळीत केवळ खेळावर पोट भरणारे थोडेच आहेत. बहुतेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळतात, म्हणूनच सामने मुख्यतः गुरुवारी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी होतात. दिवसभर काम करून आलेला माणूस संध्याकाळी इतक्या वेगाने चेंडू टाकतो, हे पाहताना मन आदराने भरून येते.

(दृश्य: समुद्र, क्युरासावची राजधानी विलेमस्टाडचा किनारा)

या खेळाचे दुसरे घर अटलांटिकच्या पलीकडे आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे क्युरासाव हे बेट डच राज्याचा भाग आहे. जेमतेम दीड लाख वस्तीचे हे बेट, पापियामेंतू बोलणारे. तेथील मुलांच्या संघाने २००४ मध्ये लिटल लीगचे विश्वविजेतेपद मिळवले. १९८९ मध्ये मेजर लीगमध्ये पोहोचलेले हेन्स्ली म्युलेन्स याच बेटाचे, आणि २०१३ मध्ये जपानच्या साखळीत एका हंगामात ६० होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके, मारून जुना विक्रम मोडणारे व्लादिमिर बालेंतिन हेही याच बेटाचे. वसाहतीच्या इतिहासाने जोडलेले हे दोन किनारे राष्ट्रीय संघाच्या एकाच गणवेशात उभे राहतात, आणि युरोपातला हा संघ इतका बलवान का, याचे मोठे उत्तर त्यात आहे.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या संघाने क्युबाला हरवले. २०११ मध्ये पनामा येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच क्युबावर २-१ असा विजय मिळवला. १९३८ मधील ब्रिटननंतर हा चषक जिंकणारा तो पहिलाच युरोपीय संघ. म्युलेन्स यांच्याच मार्गदर्शनाखाली २०१३ मध्ये हा संघ वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या राष्ट्रीय संघांच्या दुसऱ्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला.

(दृश्य: पुन्हा होफ्डडॉर्प, प्रकाशझोत लागलेले)

आता तिसऱ्या भोज्यावर एक खेळाडू उभा आहे. चेंडू टाकणाऱ्याने हात मागे नेला आहे. फटका बसतो, तो धावत सुटतो, शेवटच्या क्षणी मातीवर अंग झोकून देतो आणि धुरळ्यातून त्याचा हात घरच्या भोज्याला लागतो.