पेटी तीच, बोर्ड नवं

[दृश्य : टेबलावर उलटी ठेवलेली काळी पेटी. स्क्रू-ड्रायव्हर फिरतो. मागून यंत्रमागाचा आवाज.]

टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायची ही जुनी पेटी. स्क्रू गंजलेत, पण फिरतायत.

सोलापूरच्या पूर्व भागातलं हे घर. पुढच्या खोलीत हे टेबल, मागच्या शेडमध्ये माग. त्याची खटखट चित्रण करताना थांबली नाही आणि आम्हीही ती पुसली नाही.

झाकण उचललं की आधी दिसते सुताची लव. हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या फटींतून वर्षानुवर्षं आत जाऊन ती बोर्डावर बसली आहे. मऊ ब्रशनं ती काढायची. फुंकर मारायची नाही. तोंडातला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांना लागतो आणि त्या हिरव्या पडतात. लहानपणी आपण सगळ्यांनी गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे. त्यानं जे झालं असं वाटायचं, ते खरं तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्यानं होत होतं.

पेटी काकांची आहे, नव्वदच्या दशकात सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून आणलेली. काका नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या मागावर जॉबर, म्हणजे माग लावून देणारे, दुरुस्त करणारे. टेबलावर वाकलेला त्यांचा पुतण्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकला.

[दृश्य : बोर्डाचा जवळून घेतलेला शॉट. मधोमध काळा गोल ठिपका.]

हा काळा ठिपका नीट बघा. सगळी गोष्ट इथून सुरू होते.

निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हा गेम खेळायचा संच विकायला काढला. त्यात रिकोह कंपनीनं बनवलेला प्रोसेसर होता, ६५०२ या गाजलेल्या चिपच्या घराण्यातला. वेग १.७९ मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी २ केबी. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्या मेमरीत मावणार नाही. एवढ्या जागेत लोकांनी मारिओ पळवला, कॉन्ट्राच्या गोळ्या उडवल्या. ही कारागिरी आहे, आणि तिला कारागिरी म्हणूनच मान मिळायला हवा असं आम्हाला वाटतं.

आपल्या घरांत मात्र बहुतेक ठिकाणी आली ती त्याची नक्कल. नक्कल करणाऱ्यांनी वेगवेगळ्या चिपांचं काम एकाच चिपमध्ये कोंबलं, ती थेट बोर्डावर चिकटवली आणि वरून काळं इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी राळ, ओतली. तोच हा ठिपका. पेटीचं बाहेरचं रूप तर सेगाच्या मेगा ड्राइव्हवरून उचललेलं; ते यंत्र १९८८ चं. म्हणजे अंगरखा सेगाचा आणि आत निन्टेन्डोची नक्कल, ६० पिनांची कॅसेट घेणारी. मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीसमोर फतकल मारून बसलेल्या पोरांना याच्याशी काय देणंघेणं? ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेल्या कॅसेटमध्ये तेच मोजके गेम पुन्हा पुन्हा यायचे, तरी पुढच्या पानावर नवं काहीतरी निघेल म्हणून यादी उलटत राहायचं.

[दृश्य : मल्टिमीटरच्या टोकाच्या सुया बोर्डावर. आकडा ५ च्या जवळ स्थिरावतो.]

आता तपासणी. पेटी कापायला घेण्याआधी ती खरोखर मेली आहे का, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं.

अडॅप्टर ९ व्होल्टचा. आतला ७८०५ हा तीन पायांचा भाग त्याचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून सोडून देतो. इथं ५ व्होल्ट नीट येतायत. प्रोसेसरला ठोके देणारा क्रिस्टल बदलून पाहिला. कॅसेटच्या खाचेतल्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या, दुसरी कॅसेट लावली. पडदा करडाच. राहिला तो काळा ठिपका, आणि तो उकरून दुसरा बसवता येत नाही. बोर्ड गेलं आहे, हे आता खात्रीनं म्हणता येतं.

[दृश्य : तळहातावर हिरवं छोटं बोर्ड. शेजारी पट्टी.]

त्याच्या जागी येणार रास्पबेरी पाय ४. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. एवढ्यात पूर्ण संगणक. पेटीत जागा भरपूर आहे, पण ती सोयीची नाही. खाली प्लॅस्टिकच्या उभ्या नळ्या आहेत, जुनं बोर्ड त्यांच्यावर बसायचं. आड येणाऱ्या नळ्या हॅक्सॉच्या पात्यानं कापल्या, कानशीनं सपाट केल्या. झाकण धरणाऱ्या नळ्यांना हात लावला नाही. नव्या बोर्डाच्या चार भोकांमधलं अंतर ५८ बाय ४९ मिलिमीटर. ते आधी कागदावर आखलं, कागद तळाला चिकटवला आणि त्यावरून भोकं पाडली. इथं काका कामाला येतात. ‘काका, जरा दाबून धरा,’ एवढंच पुतण्या म्हणतो. मागाच्या सुट्या भागांत आयुष्य गेलेला माणूस. पेटी त्यांच्या हातात हलत नाही.

मागची पिवळी, लाल, पांढरी सॉकेटं जपायची हा पुतण्याचा हट्ट. नव्या बोर्डावर चित्र आणि आवाज एकाच ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून निघतात. टोकाला डावा आवाज, मग उजवा, मग ग्राउंड आणि बुडाशी चित्र. बाजारातल्या पुष्कळ वायरींमध्ये ग्राउंड आणि चित्र यांची अदलाबदल असते, म्हणून कोणती तार कुठे जाते ते मल्टिमीटरचा कंटिन्युइटीचा बीप ऐकून तपासायचं, मगच डाग द्यायचा. शिवाय या मॉडेलमध्ये जुन्या टीव्हीसाठीचं आउटपुट मुळात बंद असतं. कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगच्या, फाईलमध्ये सांगितल्याशिवाय चित्र येत नाही.

[दृश्य : उघडलेला रिमोट. रबराच्या पॅडवर कापूस फिरतो.]

आणि हा रिमोट, खेळताना हातात धरायचा. आमच्या मते या कामातला सगळ्यात सुंदर भाग.

बटणं आठ, पण कामाच्या तारा पाच : वीज, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. यंत्र लॅचवर एक इशारा देतं आणि त्या क्षणी आठही बटणांची स्थिती टिपली जाते. मग क्लॉकच्या एकेका ठोक्याला एकेक उत्तर डेटाच्या तारेतून बाहेर येतं, ठरलेल्या क्रमानं : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. फॅमिकॉमची ही भाषा नकला करणाऱ्यांनीही तशीच ठेवली. पुतण्यानं मध्ये आर्डुइनो प्रो मायक्रो हा एक छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड बसवला. तो ही जुनी भाषा वाचतो आणि संगणकाला सांगतो, मी यूएसबीचा गेमपॅड आहे. रिमोट तोच, त्याचं ९ पिनांचं सॉकेटही तेच. फक्त तारांच्या रंगांवर विश्वास ठेवायचा नाही. या पेट्यांमध्ये लाल म्हणजे वीज असेलच असं नसतं. प्रत्येक पिन मोजूनच घ्यावी लागते.

रीसेटच्या बटणाला नवं काम दिलं आहे. संगणकाची वीज अशीच तोडली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. म्हणून ते बटण बोर्डाच्या पाचव्या पिनेला आणि ग्राउंडला जोडलं. एकदा दाबलं की यंत्र रीतसर बंद होतं, पुन्हा दाबलं की उठतं. वीज अचानक गेलीच तर घात होऊ नये म्हणून कार्डावर लिहिणंच बंद ठेवलं आहे.

राहिला उन्हाळा. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि हा प्रोसेसर ८० अंशांवर गेला की स्वतःचा वेग कमी करतो. वर उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक, मागे छोटा पंखा. जुन्या फटी आता खऱ्या कामाला लागल्या. लव आत जाऊ नये म्हणून आतून बारीक जाळी लावली.

[दृश्य : शेड. जकार्डवरून पुठ्ठ्याच्या कार्डांची साखळी सरकते.]

हा काकांचा माग. सोलापुरी चादरीची नक्षी या कार्डांवर असते. जिथं भोक, तिथला हुक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. जिथं भोक नाही, तिथला धागा खाली राहतो. फ्रान्सच्या लिऑन शहरात जोसेफ मारी जकार्डनं १८०४ मध्ये हा माग पुढे आणला. भोक आहे किंवा नाही, या दोनच खुणांवर पुढे संगणकांची पंचकार्डंही चालली.

[दृश्य : लॅपटॉपवर मोठा केलेला चौकटींचा आराखडा. काकांचं बोट पडद्यावर.]

फॅमिकॉमचं चित्रही असंच रचलेलं. ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन. छोटा मारिओ म्हणजे असे चार चौकोन. पुतण्यानं चित्रांचा आराखडा उघडला तेव्हा काकांना समजावून सांगावं लागलं नाही. आलेखाच्या कागदावर चादरीचा काठ रेखाटतात, तसा त्यांनी एकेक चौकट भरत मोर काढला. नोव्हा द स्क्विरल हा सोर्स कोडसकट खुला असलेला गेम आहे. त्यातल्या एका चित्राच्या जागी हा मोर बसवला.

[दृश्य : जुना टीव्ही. काका, पुतण्या, दारातली मुलं. इथं निवेदन नाही.]

मारिओ, कॉन्ट्रा यांचे हक्क आजही त्यांच्या कंपन्यांकडे आहेत, म्हणून या पेटीत निर्मात्यांनी स्वतः खुले केलेले गेमच आहेत. कॅसेटच्या खाचेत आता यूएसबीची सॉकेटं आली. जुन्या कॅसेटी या पेटीत पुन्हा चालणार नाहीत. टीव्हीवर नेम धरायची गेमची बंदूकही नाही.

[दृश्य : टेबलावर दुसरी पेटी. मल्टिमीटर.]

ही दुसरी पेटी गल्लीतल्या एकानं भंगारात टाकायला काढली होती. ९ व्होल्ट आत येतायत, ७८०५ च्या पुढे काहीच जात नाही. सुटे ५ व्होल्ट बाहेरून दिले आणि पडद्यावर गेमची यादी आली. म्हणजे हिचं बोर्ड जिवंत आहे. हिला हॅक्सॉ लागणार नाही. तीन पायांचा तो भाग बदलायचा, खाच पुसायची आणि ज्याची त्याला परत द्यायची. सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवलं आहे.