मशीन रिकामं, पंप चालूच

नमस्कार श्रोतेहो.

भांडी घासायचं मशीन, म्हणजे डिशवॉशर, आमच्या घरी २०२० च्या टाळेबंदीत आलं. कामाच्या मावशींना सोसायटीच्या गेटवरच अडवत होते आणि सिंकमधला ढीग काही कुणासाठी थांबत नव्हता. तेव्हा बऱ्याच घरांत ही मशीनं आली. पुढे मावशी परत आल्या आणि काही मशीनं डबे ठेवायच्या कामाला लागली. आमचं मात्र चालत राहिलं, चार वर्षं विनातक्रार.

दिवाळीनंतर ते अडायला लागलं. भांडी लावली, डिटर्जंटची गोळी घातली, बटण दाबलं की दहा-पंधरा मिनिटं पाण्याचा सपसप आवाज यायचा आणि मग एकदम सूर बदलायचा. घूंऽऽ, एकसुरी. आत पाण्याचा थेंब नाही, पण पाणी बाहेर फेकणारा पंप चालूच. दार उघडलं तरी चालू, बटण बंद केलं तरी चालू. भिंतीवरचा स्विच बंद केला की गप्प, लावला की परत घूं. स्क्रीनवर जो कोड यायचा, त्याचा अर्थ पुस्तकात दिला होता : गळती. फरशी तर कोरडी ठाक.

मी छत्तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढली. त्यामुळे पहिला दिवस इभ्रतीचा. तळातली जाळी काढली, तिच्यातून कढीपत्त्याची पानं आणि एक लवंग निघाली. निचऱ्याची नळी पाहिली. ही नळी सिंकखाली आधी वर चढून मग खाली उतरलेली हवी, नाहीतर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये उलटं येतं. ती ठीक होती. दाराचं रबर पुसलं. दोन दिवस छान चाललं आणि पुन्हा घूं. बायको म्हणाली, "तुमच्यानं होत नसेल तर माणूस बोलवा."

माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याच्यासमोर मशीन गुणी बाळासारखं चाललं. दुसऱ्या खेपेला त्याने तळातला एक स्विच बदलला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "काका, कार्ड गेलंय. नऊ हजार." कार्ड म्हणजे मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी. ज्या बिघाडाचं कारण सापडत नाही तो कार्डाच्या नावावर टाकायचा, ही रीत आमच्या कारखान्यातही होती. मीही ती पाळली आहे, खोटं कशाला बोलू.

पण नऊ हजार स्वतःच्या खिशातले असले की डोकं चालतं. कारखान्यात जे पहिल्या दिवशी केलं असतं, ते घरी दीड महिन्याने केलं : नोंद ठेवली. दुधाचे खाडे लिहितो त्याच कॅलेंडरवर, मशीन अडलं की फुली. तीन आठवड्यांत पाच फुल्या पडल्या, आणि पाचही मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. आता मशीनला काही वार कळत नाही. म्हणजे वार पाळणारं माणूस शोधायला हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी अडल्याबरोबर प्लग काढला, पाण्याचा नळ बंद केला आणि खालची पट्टी उघडली. या मशीनच्या पोटाखाली पत्र्याचा एक उथळ ट्रे असतो. त्यात थर्माकोलचा छोटा तुकडा बसवलेला असतो. कुठूनही गळून ट्रेमध्ये पाणी साचलं की तो तरंगून वर येतो, स्विच दाबतो आणि मशीन घाबरून सगळं सोडून फक्त पाणी उपसत बसतं. ट्रेमध्ये पाणी होतं, जेमतेम दोन वाट्या. स्पंजने टिपलं तर बोटं बुळबुळीत झाली. वास घेतला, तर लिंबाचा.

मशीनच्या गोळीला लिंबाचा वास नाही आणि तिचा फेसही होत नाही. लिंबाचा वास आमच्या सिंकवरच्या लिक्विड साबणाला.

मंगळवार-शुक्रवार बायको योगवर्गाला जाते. त्या दिवशी भांडी आई लावते. आई दिवाळीच्या पाडव्याला साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली, वय चौऱ्याऐंशी. विचारलं, "आई, तू भांडी साबण लावून आत ठेवतेस का गं?"

"मग? खरकटी भांडी तशीच कपाटात ठेवू?"

धुवायची नीट, विसळायची मात्र वरवर. पुढचं पाणी मशीन मारतंच, असा तिचा हिशेब. हिशेब चूक नाही, फक्त साबण चुकीचा. हे मशीन घासत नाही, पाण्याचा मारा करतं. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन नावाच्या बाईंनी १८८६ मध्ये पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मशीन मांडलं, तेव्हापासून युक्ती तीच. फिरत्या पात्यांतून तेच थोडं पाणी पुन्हा पुन्हा भांड्यांवर आपटत राहतं. त्यात हाताने भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब जरी गेले तरी ताकासारखं घुसळलं जातं. फेस फुगतो, दाराच्या खालच्या कडेतून सरकतो आणि गुपचूप ट्रेमध्ये उतरतो. दोन-तीन दिवसांत ट्रे वाळतो, थर्माकोल खाली बसतो, आणि तोवर माणूस येऊन म्हणतो, काही झालेलं नाही.

तुमच्याकडे असंच होत असेल तर आधी प्लग आणि नळ बंद करा. मग भांड्यांच्या जाळ्या बाहेर काढा आणि दोघांनी मिळून मशीन हळूच मागे कलतं करा, खाली जुनी चादर टाकून. ट्रेमधलं पाणी ओघळून येतं. एकट्याने नको, मशीन जड असतं. आत फेस उरला असेल तर थोडं व्हिनेगर टाकून रिकाम्या मशीनला एकदा नुसतं पाणी मारायचं. साबण नसताना पुन्हा ट्रे भरला, तर मात्र गळती खरी समजा आणि माणूस बोलवा.

आईला हे सगळं सांगितलं. खरकटं काढून भांडी नुसत्या पाण्याखाली धरायची, एवढं तिने कबूल केलं. दुधाचं पातेलं मात्र ती आत ठेवत नाही, हातानेच घासते.

परवा मी मशीनच्या तळाशी मीठ भरत होतो. ती शेजारी उभी.

"साबणाचे चार थेंब चालत नाहीत, आणि मीठ किलोभर घालतोस?"

मी सांगितलं, आपल्याकडे टँकरचं आणि बोअरचं पाणी, त्यात चुना फार. मशीनमध्ये बारीक मण्यांची एक कुपी असते, ती पाण्यातला चुना धरून ठेवते. मिठाच्या पाण्याने ते मणी पुन्हा मोकळे होतात. मीठ संपलं की काचेच्या पेल्यांवर पांढरा थर, आपल्या कुकरच्या आत बसतो तसा.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यालाही इथलं पाणी बाधतंच," म्हणाली, आणि पातेलं घेऊन सिंककडे वळली.