पत्र आल्यानंतरचे चार महिने

(एमएस आणि पीएचडीसाठी अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आत येताना दारातच एका मुलीच्या वडिलांनी मला थांबवलं. म्हणाले, "मॅडम, कुकर तीन लिटरचा द्यायचा का पाचचा?" काळजीपोटी विचारलेला प्रश्न आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. तीनचा द्या, आणि रबर व शिट्टी जास्तीची द्या. मिक्सर मात्र देऊ नका, तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची असते, आपला मिक्सर त्यावर चालत नाही. सामानाबद्दल माझं एवढंच. बाकीच्या याद्या तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेतच.

मला आज बोलायचंय ते गप्प बसण्याबद्दल.

ॲडमिट आलं की आपल्या घरात काय होतं? पेढे येतात. पत्राची प्रिंट काढून देवापुढे ठेवतात. शाळेतल्या बाईंना फोन जातो, मामाला जातो, शेजारी कळतं. आणि या सगळ्यात ते पत्र शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. इतकं मोठं काही पदरात पडलंय, आता आणखी काय विचारायचं, असं मनात बसतं. विचारलं तर त्यांना राग येईल, दिलेलं काढून घेतील, अशी एक भीतीही असते. कृतज्ञता असावीच. पण तिने तोंडाला कुलूप लागू देऊ नका.

माझंच सांगते. २००४ साली मला मृदाशास्त्रात पीएचडीसाठी असिस्टंटशिप, म्हणजे विभागात काम करून शिकायची सोय, मिळाली. पत्रात लिहिलं होतं, ट्यूशन फी माफ आणि महिन्याला अमुक डॉलर, 'फॉर द ॲकॅडमिक इयर', म्हणजे शैक्षणिक वर्षापुरते. आमच्या घरी या शेवटच्या शब्दांवर कुणाची नजर थांबली नाही. वर्ष म्हणजे बारा महिने. आमचा तर आडसाली ऊस, आमचं वर्ष अठरा महिन्यांचं असायचं, तिकडच्यासारखं नऊ महिन्यांचं शैक्षणिक वर्ष कुणी ऐकलं होतं? पुढच्या मे महिन्यात पगार आला आणि त्यानंतर थांबला. जून, जुलै आणि ऑगस्टचा बराचसा भाग मी एका तेलुगू मैत्रिणीच्या हॉलमध्ये गादी टाकून काढला. घरी फोनवर सगळं छान आहे म्हणत होते, कारण वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून मला तिकीट काढून दिलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस विभागाच्या ऑफिसमध्ये सही करायला गेले तेव्हा तिथल्या बाई सहज बोलून गेल्या, "उन्हाळ्यात प्रयोगशाळेत दोन जागा रिकाम्या राहिल्या. तुला हवं होतं का काम?" मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. आणि मी विचारलं नव्हतं हेही खरं.

म्हणून हे चार महिने, एप्रिल ते जुलै, मी विचारण्याच्या सरावाचे महिने मानते.

सुरुवात पत्रापासून करा. आज मार्च संपत आलाय आणि तुमच्यातल्या काहींना 'लवकर कळवा' अशा मेल आल्या असतील. ज्यांना आर्थिक मदतीसह ऑफर आहे त्यांनी एक तारीख लक्षात ठेवा, १५ एप्रिल. अमेरिकेत काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे आणि बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी तो मान्य केलेला आहे. त्यानुसार आर्थिक मदतीची ऑफर असलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन नाही. आपल्या विद्यापीठाचं नाव त्या यादीत आहे का ते बघा. असेल, तर दुसऱ्या ठिकाणचं उत्तर येईपर्यंत थांबण्यात कुठलाही उद्धटपणा नाही.

मग पत्रातल्या पैशांच्या ओळीवर बोट ठेवा. स्टायपेंड, म्हणजे दरमहा मिळणारे पैसे, नऊ महिन्यांचा की बारा? किती वर्षांची हमी आहे, की दरवर्षी नव्याने ठरणार? ट्यूशन माफ आहे, पण वेगळ्या 'फी' भरायच्या आहेत का? आरोग्यविमा त्यात धरलाय का? आणि पहिला पगार कोणत्या तारखेला? हा शेवटचा प्रश्न फार जणांच्या लक्षात येत नाही. ऑगस्टच्या मध्याला पोचलेल्या मुलाच्या हातात पहिला पगार पडायला सप्टेंबर उजाडतो, कधी तो संपतही येतो. घरभाडं आणि डिपॉझिट मात्र आल्या आल्या द्यावं लागतं. तेवढ्या पैशांची सोय इथूनच करून जायची.

असं पत्र वाचताना मला नेहमी एक करार आठवतो. १९१३ च्या जूनमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी शिष्यवृत्तीचा करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथून १९१६ मध्ये लंडनला गेले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. करारापोटी ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर त्या शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळेना. एवढ्या बुद्धीच्या माणसाचं शिक्षणसुद्धा कागदावरच्या मुदतीला बांधलेलं होतं. तेव्हा आपल्या पत्रातली मुदत आपल्याला तोंडपाठ हवी.

लंडनला ते परत गेले १९२० मध्ये. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे होते, आपल्या या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि काही पैसे नवल भथेना या पारशी मित्राने दिले. हे भथेना कोण? न्यूयॉर्कला लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये बाबासाहेबांच्या खोलीत राहणारा विद्यार्थी. ती मैत्री जन्मभर टिकली. आणि ती खोलीही बाबासाहेबांना पहिल्या फटक्यात मिळालेली नव्हती. आधी ते हार्टली हॉलमध्ये उतरले, तिथलं जेवण मानवेना, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल. जागा शोधताना तुम्ही बसस्टॉप किती लांब आणि भाडं किती एवढंच विचारता. तापाने फणफणलात तर खोलीतल्या माणसाला हाक मारता येईल का, हे कुणी विचारत नाही. त्याच्याशी एकदा तरी व्हिडिओ कॉलवर मोकळेपणी बोला. आणि न पाहिलेल्या घरासाठी, ओळख नसलेल्या माणसाच्या खात्यात डिपॉझिट अजिबात पाठवू नका. या फसवणुकीत दरवर्षी मुलं अडकतात.

आता गाईडबद्दल, म्हणजे ज्यांच्या हाताखाली संशोधन करायचं त्या प्रोफेसरांबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण पीएचडीची पाच-सहा वर्षं सुखाची जातात की कुढत, हे सगळ्यात जास्त या माणसावर ठरतं.

गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी प्रोफेसरांना पाठवायच्या मेलचा मसुदा घेऊन घरी आली. चौदा ओळी होत्या. 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात, मग आभार, मग सरांच्या संशोधनाची स्तुती, मग पुन्हा आभार. मी म्हटलं, "अगं, यात तुझा प्रश्न कुठाय?" ती म्हणाली, "मॅडम, पहिल्याच मेलमध्ये कसं विचारायचं?" आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो मसुदा खोडला. राहिल्या सहा ओळी. आभार एका वाक्यात. मग तीन प्रश्न. पहिल्या वर्षी मी कुठल्या प्रकल्पावर असेन? त्या प्रकल्पाला पैसे कुठवर आहेत? आणि तुमच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी मला बोलता येईल का? पाठवताना तिचा हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर. प्रोफेसरांनी प्रश्नांबद्दल तिचेच आभार मानले होते आणि दोघांचे पत्ते दिले होते.

त्या विद्यार्थ्यांशी बोलायच्या आधी मी तिला एक सांगून ठेवलं, तेच तुम्हालाही सांगते. 'सर कसे आहेत?' असं विचारू नका, त्यावर सगळे 'चांगले' म्हणतात. तुमचा शेवटचा मसुदा त्यांनी किती दिवसांत वाचून दिला, ते विचारा. मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आज कुठे आहेत? कुणी अर्ध्यात सोडून गेलं का? घरी कुणी आजारी पडलं तर सुट्टी मिळाली का? आणि उत्तर देण्याआधी समोरचा किती वेळ थांबतो, तिकडे कान ठेवा. माझ्या विद्यार्थिनीने एका मुलीला हे सुट्टीचं विचारलं, तेव्हा पलीकडून आधी काही आलंच नाही. मग आवाज आला, "ते परिस्थितीवर अवलंबून असतं." तेवढ्यावरून तिला आणखी चौकशी करावीशी वाटली, आणि तिने केली.

आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारायचं नाही असं वळण असतं. घरातलं ते वळण मला वाईट वाटत नाही. पण संशोधन म्हणजे रोज उठून कुणाच्या तरी म्हणण्याला 'कशावरून?' असं विचारणं. जो विद्यार्थी स्वतःच्या पगाराबद्दल विचारायला कचरतो, तो गाईडच्या आलेखातली चूक कशी दाखवणार?

एमएसला स्वखर्चाने जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि इथे मला पालकांशी बोलायचंय. आय-ट्वेंटीसाठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या प्रवेशपत्रासाठी, विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज बघतं. घरातला हिशोब मात्र पूर्ण कोर्सचा मांडा. मोठ्या कर्जाला तारण लागतं. सातबारा घेऊन बँकेत गेलेले बरेच जण हात हलवत परत येतात, कारण बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत, घर किंवा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट मागतात. हे जूनमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळू द्या. परतफेड शिक्षणानंतर सुरू होते हे बरोबर, पण व्याज पहिल्या हप्त्याच्या उचलीपासून चढत असतं. ते मधल्या काळात भरता आलं तर ओझं पुष्कळ हलकं होतं. आणि 'तिकडे गेल्यावर पार्टटाइम करून फी काढेल' हा आकडा हिशोबातून काढून टाका. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासच काम करता येतं, आणि पहिल्या वर्षी बाहेर काम करायला सहसा परवानगीच नसते. ओळखीच्या दुकानात रोखीवर उभं राहिलेल्या मुलाचा व्हिसा धोक्यात येतो. पोराला त्या दुकानापर्यंत जायची वेळ आणू नका.

नावाचीही एक भानगड आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गुणपत्रिकांवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. अमेरिकन ऑफिस शेवटचा शब्द आडनाव धरतं. म्हणजे पाटलांच्या सायलीचं आडनाव तिथे 'सुनंदा' होऊन बसतं. पासपोर्ट, गुणपत्रिका, आय-ट्वेंटी सगळं शेजारी मांडून एकेक अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर त्याच दिवशी विद्यापीठाला कळवा. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लांबणार असेल तर तेही आधीच कळवा. अंतिम गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कधीपर्यंत चालेल, हे लेखी मागून घ्या.

तब्येतीचं थोडक्यात. दात इथे दाखवून घ्या, तिकडच्या विद्यार्थी विम्यात दात सहसा नसतात आणि एका रूट कॅनालमध्ये महिन्याचं भाडं जातं. चष्म्याची जोडी जास्तीची न्या. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस झाल्याची लेखी नोंद डॉक्टरांकडून घ्या. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे क्षयाची त्वचाचाचणी कधी कधी उगीच पॉझिटिव्ह येते. तसं झालं तर घाबरू नका, रक्ताची चाचणी करता येईल का असं विचारा.

राहिला अभ्यास. मुलं विचारतात, जायच्या आधी कुठली पुस्तकं संपवू? दहा पुस्तकं चाळू नका. गाईडचा एकच पेपर घ्या आणि त्यातला एक आलेख स्वतःच्या हाताने काढून बघा. माहिती खुली असेल तर तीच वापरा, नसेल तर खोटे आकडे घेऊन आकार तरी जुळतो का पाहा. मी हे माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घेते. तीन दिवसांचं काम तीन आठवडे पुरतं, आणि शेवटी हातात पाच-सहा शंका उरतात. त्या वहीत लिहून न्या. पहिल्या भेटीत त्याच कामाला येतात. ज्यांना टीएचं, म्हणजे शिकवण्यात मदत करायचं, काम आहे त्यांनी रोज पंधरा मिनिटं मोठ्याने इंग्रजीत शिकवायचा सराव करावा, कारण अनेक विद्यापीठांत वर्ग हातात देण्याआधी बोलण्याची परीक्षा घेतात. समोर आजी बसली तरी चालेल. तिला शब्द कळणार नाहीत, पण तुम्ही कुठे अडखळलात ते तिला बरोबर कळेल.

आता मी थांबते. ज्यांनी पत्राची प्रिंट आणलीय त्यांनी ती काढा, पेन्सिल घ्या आणि पैशांच्या ओळीखाली रेघ मारा. मी सातपर्यंत इथेच आहे. एकेक जण या, सोबत आईवडील असतील तर त्यांनाही घेऊन या. आणि येताना निदान एक प्रश्न लिहून आणा.