पाच ठिपक्यांचा एन्ये

(दृश्य: ब्रेल पाटी, अगदी जवळून. टोचणीचा आवाज.)

उजवीकडून डावीकडं. ब्रेल पाटीवर असंच लिहितात. कागद टोचायचा, काढून उलटा करायचा आणि मग डावीकडून उजवीकडं बोटानं वाचायचा. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर डोक्यात आरशातलं असावं लागतं.

शनिवारची दुपार, स्पॅनिशचा तास. कोल्हापुरातली एक अंधशाळा. आठवी-नववीची चार मुलं, आणि मुलं ज्यांना नुसतं ताई म्हणतात, त्या.

(दृश्य: मुलाची तर्जनी जाड कागदाच्या पट्टीवरून सरकते, थांबते, मागं येते.)

"नि... ड़ो? ताई, निड़ो म्हंजे काय?"

शब्द आहे निन्यो. स्पॅनिशमध्ये लहान मुलगा. त्यातला 'न्य' हे स्पॅनिशचं खास अक्षर, नाव एन्ये. ब्रेलच्या एका घरातल्या सहा ठिपक्यांतला खालचा डावा तेवढा सोडायचा, बाकीचे पाच टोचायचे. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये, नेमका हाच आकार हिंदीच्या 'ड़'चा. मुलानं वाचलं बरोबर, फक्त हिंदीच्या तासातलं. पुढची पाच मिनिटं वर्गात सगळेच एकमेकांना निड़ो म्हणत होते, ती आम्ही कापलेली नाहीत.

(दृश्य: छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, सुटणारी निजामुद्दीन गाडी.)

याच गाडीनं ताई दिल्लीला गेल्या. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशची पदवी मुळाक्षरांपासून शिकवतात, आधी ती भाषा आलीच पाहिजे असं नाही. आई म्हणाली होती, "अगं, ते शिकून बोलणार कुणासंगं?" आज हे कॅमेऱ्यासमोर सांगायला आई तयार नाहीत. पदर तोंडाला लावून हसल्या, तेवढं आमच्याकडं आहे.

दिल्लीचं चित्रण नाही. वही आहे.

(दृश्य: वहीचं पान, निळी शाई, मधोमध उभी रेघ.)

डावीकडं: मे गुस्ता एल मांगो. उजवीकडं: मला आंबा आवडतो. खाली अनेकवचन. मे गुस्तान लोस मांगोस, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागं जातं, खाणाऱ्याच्या नाही. इंग्रजीच्या वळणानं विचार करणारा इथं हमखास अडखळतो. मराठी मुलाला यात समजावून सांगण्यासारखं फारसं उरतच नाही. तू आणि तुम्ही हा भेदही तिथं आहेच, तू आणि उस्तेद. आणि शब्द लिहिला तसा वाचता येतो, म्हणजे बोटानं वाचणाऱ्यांचं निम्मं काम झालं. परदेशी भाषा शिकायची तर आधी इंग्रजी पक्कं हवं, हे आपल्याकडं घरोघर ऐकवतात. म्हणून हे पान पडद्यावर जरा जास्तच वेळ ठेवलंय.

(दृश्य: वहीत चिकटवलेलं चित्र. नदी, जुना रोमन पूल, दगडी बैल.)

संस्कृतीच्या पेपरातलं हे स्पेनमधलं सालामांका शहर. 1554 साली छापलेल्या एका कादंबरीत, जिचा लेखक आजही नक्की ठाऊक नाही, एक आंधळा भिकारी लाझारो नावाच्या पोराला काठीसारखा सोबत घेतो. पुलावरच्या बैलाला कान लाव, आतून आवाज येतो म्हणतो, आणि पोराचं डोकं दगडावर आपटतो. लाझारियो हा शब्द तिथूनच रुळला. स्पॅनिशमध्ये अंधाला वाट दाखवणाऱ्याला आजही तेच म्हणतात, आणि वाट दाखवणाऱ्या कुत्र्यालासुद्धा.

पदवीनंतर ताईंनी दोन वर्षांचं विशेष बी.एड. केलं, शाखा दृष्टिदोष. तिथल्या नोट्समध्ये एक ओळ आली: सालामांका निवेदन, 1994, टीप लिहा. 92 देशांची सरकारं जमली आणि म्हणाली, नेहमीच्या शाळेनं सगळ्या मुलांना सामावून घ्यावं. वर्गातल्या इतरांना ते नाव उच्चारताना जड जात होतं. ताईंना तिथला बैल आठवला.

(दृश्य: टेलर फ्रेम. अष्टकोनी भोकं, शिशाचे ठसे.)

ही गणिताची पाटी. ठसा एकच, त्याचं कोणतं टोक वर ठेवलं आणि तो कोणत्या दिशेला बसवला त्यावर अंक ठरतो. प्रशिक्षणात डोळ्यांवर पट्टी बांधून यावर भागाकार करायचा, पट्टी तशीच ठेवून पांढऱ्या काठीनं जिना उतरायचा, प्रत्येक मुलासाठी वेगळा शिक्षण आराखडा लिहायचा. मग भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी. तो क्रमांक मिळाल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून उभं राहता येत नाही.

शनिवारचा हा तास पगारात धरलेला नाही. मागच्या तुकडीतल्या एका मुलीनं पदवीला परदेशी भाषा मागितली, एका महाविद्यालयानं सोय नाही म्हणून परत पाठवलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्यात. मुलगी सध्या घरी असते.

(दृश्य: पुन्हा वर्ग. ताईंच्या हातात कागदाचा पुडा.)

आज पुड्यात गूळ आहे. कोलंबियातही उसाचा रस आटवून असाच गूळ करतात, त्याला म्हणतात पानेला. पाण्यात उकळून पितात. खडा हातोहात फिरतो. एकेकानं वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि वाक्य म्हणायचं.

"मे गुस्ता ला पानेला."

"मे गुस्ता ला पानेला. ताई, अजून एक खडा."

(दृश्य: निड़ो वाचणारा मुलगा, पाटीवर वाकलेला. बोटं चिकट.)

पानेलाच्या खाली त्यानं मराठीत काही टोचलंय, कुणी न सांगता. कागद उलटला. तीन घरं. ग. ऊ. तिसऱ्या घरात उजवीकडचे तीन ठिपके, एकाखाली एक. बोट तिथंच राहिलंय.

"ताई, ह्यो ळ त्यांच्यात न्हाई?"

"नाही रे."

(आवाज: टोचणी. टक. टक. टक. पडदा काळा.)