'दॅन'च्या पलीकडे कोण उभं आहे?

श्रोतेहो, नमस्कार. आधी एक वाक्य ऐका: 'माय हँडरायटिंग इज बेटर दॅन माय ब्रदर.'

चूक जाणवली? चटकन जाणवत नाही, कारण 'माझं अक्षर भावापेक्षा चांगलं आहे' हे मराठीत आपण बिनदिक्कत म्हणतो. 'पेक्षा' भावाला चिकटलं, तरी तुलना अक्षराशीच आहे हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीतलं 'दॅन' इतकं समजूतदार नाही. त्याच्या तराजूत एका पारड्यात अक्षर आणि दुसऱ्यात साक्षात भाऊ बसतो! म्हणून म्हणायचं, 'दॅन माय ब्रदर्स'. शेवटचा तो एवढासा 'स' कान देऊन ऐका. लिहिताना त्याच्या आधी अपॉस्ट्रॉफी द्यायची, रेडिओवर ती दिसत नाही म्हणून सांगतो. काही ठिकाणी 'दॅट ऑफ' बरं पडतं: 'द क्लायमेट ऑफ स्पेन इज ड्रायर दॅन दॅट ऑफ आयर्लंड.' यातलं 'दॅट ऑफ' गाळलं, की स्पेनच्या हवामानाशी अख्खा आयर्लंड देश तोलला जातो.

आता हे पाहा: 'शी इज टॉलर दॅन एनी गर्ल इन द क्लास.' ती त्याच वर्गातली असेल, तर स्वतःपेक्षाही उंच ठरली की! 'एनी अदर गर्ल' म्हणा.

दुसरी गोष्ट पॅरलल स्ट्रक्चरची, म्हणजे यादीतले सगळे भाग एकाच साच्यात मांडण्याची. 'मला वाचायला, पोहायला आणि चित्रं काढायला आवडतं.' शेवटचं 'यला' तिन्ही वेळा आपसूक येतं. इंग्रजीत मात्र 'लाइक'नंतर 'रीडिंग' चालतं आणि 'टू रीड'ही चालतं. तिथेच घोळ होतो: 'आय लाइक रीडिंग, स्विमिंग अँड टू पेंट.' मोठ्याने म्हणून बघा, शेवटी जीभ अडखळते. 'पेंटिंग' म्हटलं की वाक्य सरळ चालतं. लिंकनच्या १८६३ सालच्या गेटिसबर्गच्या भाषणातलं 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' आठवा. पुढचा छोटा शब्द तेवढा बदलतो, साचा तोच.

'नॉट ओन्ली'ने तर भल्याभल्यांना चकवलंय. 'त्याने पैसेच नव्हे, तर पासपोर्टही हरवला' म्हणताना आपले 'च' आणि 'ही' नेमक्या शब्दांना चिकटतात. इंग्रजीत आपण लिहितो, 'ही नॉट ओन्ली लॉस्ट हिज मनी बट ऑल्सो हिज पासपोर्ट.' एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नाम. 'लॉस्ट' आधी घ्या: 'ही लॉस्ट नॉट ओन्ली हिज मनी बट ऑल्सो हिज पासपोर्ट.' बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही पहिलंच वाक्य सर्रास वापरतात, तेव्हा गप्पांत कुणाला टोकू नका. परीक्षेच्या पेपरात मात्र त्याचे गुण जातात.